का वी काउफमान

आमच्या जर्मनच्या क्लासमध्ये पहिल्या पातळीच्या मुलांसाठी एक तास फोनवर नाव सांगण्याचा असतो. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एकाने स्वतःचं नाव अक्षर न् अक्षर सुटं करून सांगायचं, दुसऱ्याने ते वहीत उतरवून घ्यायचं. चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, फक्त आवाज. तिथे गेल्यावर घरमालकापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे हेच करावं लागतं, म्हणून हा तास मी कधी गाळत नाही. आपल्याकडे बालवाडीत ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ असतं, तशीच जर्मनांची प्रौढांसाठीची यादी आहे. आ वी आन्टोन, बे वी बेर्टा. ‘वी’ म्हणजे ‘जसा’. हल्ली 2022 पासून त्यांनी कार्यालयीन कामासाठी शहरांच्या नावांची नवी यादी आणली आहे, आख़नचा आ, बर्लिनचा बे अशी. पण फोनवर बोलणारी माणसं सवयीने अजून जुनीच म्हणतात आणि मीही जुनीच शिकवते. फळ्यावर लिहीत लिहीत मी ‘का वी काउफमान’पर्यंत आले आणि दुसऱ्या बाकावरून आवाज आला, “मॅम, काउफमान म्हणजे व्यापारी ना? मग ते माझंच आडनाव झालं.” मुलाचं आडनाव वाणी. वर्ग हसला, मलाही फार छान वाटलं. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, “मॅम, आकाशवाणीची धून ज्यांनी केली तेपण काउफमानच ना? ते ज्यू होते. मग हे ज्यू आडनाव आहे का?”

तास संपायला पाच मिनिटं उरली होती. “हो, ज्यू आडनाव,” असं म्हणून मी फळा पुसला.

स्कूटरवरून घरी येताना पहिल्याच सिग्नलला ते ‘हो’ टोचायला लागलं. चूक किती मोठी होती हा प्रश्नच नव्हता. अर्ध खरं उत्तर होतं ते, आणि अर्ध खरं उत्तर आपण रोज कितीदा तरी देतो. टोचत होता तो त्यातला सहजपणा. कुणीतरी एक आडनाव समोर ठेवावं आणि आपण क्षणात त्याला एका खणात टाकून खण बंद करावा, हे माझ्या हातून झालं होतं. आणि हे खण मला चांगले माहीत आहेत. माझं स्वतःचं आडनाव त्या खणांपुढे आयुष्यभर उभं राहिलं आहे. पण ते पुढे सांगते.

आधी ती धून. माझ्या आजोळी, कऱ्हाडला, माजघरात उंच फळीवर रेडिओ होता आणि त्याच्यावर आजीने विणलेलं आच्छादन. आजोबा पहाटे उठून तो लावायचे, तेव्हा आधी नुसती खरखर, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग ती धून. खाली तंबोऱ्यासारखी एकसुरी झुळझुळ, वर व्हायोलिनचा तो चढणारा, थबकणारा, परत फिरणारा स्वर. चुलीत नुकतं घातलेलं लाकूड धुरायचं, बंबात पाणी तापायचं, अंगणात कुणीतरी सडा टाकायचं, आणि मी पांघरुणात डोळे मिटून ती धून संपू नये म्हणून वाट बघायची, कारण ती संपली की शाळा सुरू. जाणकार म्हणतात त्यात शिवरंजनीची छाया आहे. मला तेव्हा राग कुठला ठाऊक असणार. पण सकाळ म्हणजे आनंदाची वेळ आणि ही धून मात्र कशाचीतरी आठवण काढतेय, एवढं मला तेव्हाही कळत होतं. कुणाची, कुठल्या गावाची, ते कळायला चाळीस वर्षं गेली.

वॉल्टर काउफमान 1907 मध्ये कार्ल्सबादला जन्मला. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, नंतर चेकोस्लोव्हाकियात. बर्लिनमध्ये संगीत शिकला, प्रागच्या जर्मन विद्यापीठात डॉक्टरेटचं काम केलं, आणि आपले मार्गदर्शक नाझींच्या बाजूचे आहेत हे कळल्यावर ती पदवीच नाकारली असं सांगतात. 1934 मध्ये तो मुंबईत उतरला. इथे त्याने पाश्चात्त्य संगीत वाजवणाऱ्यांची चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली, दिग्दर्शक भवनानींच्या चित्रपटांसाठी काम केलं, रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा विभाग सांभाळला. सुरुवातीला भारतीय संगीताच्या तबकड्या ऐकून त्याला काही म्हणजे काही उमगलं नव्हतं. म्हणून तो इथेच आला, की हे काय आहे ते जिथे जन्मतं तिथे जाऊन ऐकावं. त्याची पहिली बायको गेर्टी ही लेखक काफ्काची भाची. प्रागचा त्याचा लेखक मित्र विली हास यालाही मुंबईचाच आसरा मिळाला. हास हेही असंच एक आडनाव, त्याचा अर्थ ससा. 1946 मध्ये काउफमान मुंबई सोडून गेला, इंग्लंड, मग कॅनडात विनिपेगचा वाद्यवृंद, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ. तिथे बसून त्याने उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. 1984 मध्ये तो गेला. त्या वर्षी मी चौथीत होते, आणि आजोबांच्या रेडिओवर तो रोज सकाळी वाजत होता.

त्या रात्री मी त्या मुलीच्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायला बसले. काउफमान या शब्दातल्या ‘काउफ’चं मूळ जर्मन नाहीच. लॅटिनमध्ये ‘काउपो’ म्हणजे खाणावळ चालवणारा, दारू विकणारा, छोटा व्यापारी. रोमन सैन्याच्या मागोमाग हे काउपो ऱ्हाइन नदीच्या काठापर्यंत पोचले आणि सीमेपलीकडच्या जर्मन टोळ्यांना त्यांच्याकडून मालाबरोबर हा शब्दही मिळाला. त्यातून ‘काउफेन’ म्हणजे विकत घेणं आलं. मग हा शब्द उत्तरेकडे निघाला तो थांबलाच नाही. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, म्हणजे ‘व्यापाऱ्यांचं बंदर’, त्यात हाच शब्द आहे. इंग्रजीतलं ‘चीप’ त्याचंच, लंडनचा चीपसाइड हा रस्ता म्हणजे बाजाररस्ता, आणि चॅपमन हे आडनाव म्हणजे काउफमानचा इंग्लंडमधला चुलतभाऊ. मला या गोष्टी कळल्या की उगाच आनंद होतो. शब्द माणसांपेक्षा जास्त चालतात आणि कुणी त्यांना वेशीवर अडवत नाही.

बाराव्या-तेराव्या शतकात ऱ्हाइनकाठच्या शहरांत एकाच नावाची माणसं इतकी झाली की हाइनरिश म्हटल्यावर दहा हाइनरिश वळून बघायचे. म्हणून मग लोहार हाइनरिश, दळणारा हाइनरिश, व्यापारी हाइनरिश. सोनार, सुतार, कासार, वाणी ही आपल्याकडची आडनावं जशी झाली, तशीच तिथे श्मिट, म्युलर आणि काउफमान झाली. यात ज्यू असण्यानसण्याचा काही संबंध नव्हता. ही शहरातली ख्रिस्ती माणसं होती. शिवाय काउफमान म्हणजे टोपलीत सुया-दोरे घेऊन फिरणारा नव्हे. त्याच्यासाठी वेगळा शब्द होता, क्रेमर, आणि क्रेमर हेही मोठं पसरलेलं आडनाव आहे. काउफमान म्हणजे जहाजं भरून लोकर, मीठ, सुके मासे नेणारा. उत्तरेच्या व्यापारी शहरांचा जो हान्सा नावाचा संघ होता, त्यात परदेशी बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या समुदायाला एकवचनातच ‘सर्वसाधारण काउफमान’ म्हणत. सगळे मिळून एक व्यापारी. त्यामुळे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याही शहरात हे आडनाव दारावरच्या पाटीवर सापडतं, आणि त्यातली बहुतेक घरं शतकानुशतकं ख्रिस्तीच आहेत. 1741 मध्ये स्वित्झर्लंडच्या कूर गावात जन्मलेली चित्रकार अँजेलिका काउफमान कॅथलिक होती. लंडनची रॉयल अकादमी 1768 मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोनच बायका होत्या, त्यातली ती एक.

मग ज्यूंमध्ये हे नाव कसं आलं? व्यापारातून, असं सोपं उत्तर आहे आणि ते काही प्रमाणात खरंही आहे. कारागिरांच्या संघांत ज्यूंना घेत नसत, जमीन घेऊ देत नसत, मग उरतो तो व्यापार. पण दुसरी वाट मला जास्त भावली. आपल्याकडे जसं पत्रिकेतलं एक नाव असतं आणि व्यवहारातलं वेगळं, तसं मध्य युरोपातल्या ज्यू पुरुषाला दोन नावं असायची. एक हिब्रू, प्रार्थनाघरात धर्मग्रंथ वाचायला बोलावताना पुकारायचं. दुसरं बाजारात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत हाक मारायचं. याकोव हे हिब्रू नाव घरात लाडाने कोपेल झालं, कोपेलचं कोपमान झालं, आणि आजूबाजूच्या जर्मन कानांना ते ओळखीच्या शब्दासारखं ऐकू आलं. काउफमान. नावांचे अभ्यासक हा प्रवास असाच मांडतात. म्हणजे अशा एखाद्या काउफमानच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी तराजू हातात धरला नसेल, तरी तो काउफमान, कारण त्याचा कुणी पूर्वज याकोव होता. हे पहिलं नाव म्हणूनही चालायचं. 1843 मध्ये जर्मनीतल्या फ्युर्टला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत मोठे झालेले रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, कोलर यांचं पहिलं नाव काउफमान होतं. काउफमान कोलर.

तरीही ज्यू कुटुंबांतल्या बहुतेकांना वंशपरंपरेचं आडनाव नव्हतंच. अमक्याचा मुलगा तमका एवढं पुरे होतं. फ्रँकफुर्ट, प्राग अशा ठिकाणी जुनी घराणी होती, कोहेन आणि लेवी होते, पण बाकीच्यांना आडनावाची गरज वाटली नव्हती. गरज सरकारला होती. कर वसूल करायला, सैन्यात भरती करायला, वारसाची नोंद करायला. ऑस्ट्रियाच्या जोसेफ दुसऱ्याने 1787 मध्ये हुकूम काढला की 1 जानेवारी 1788 पासून प्रत्येक ज्यू कुटुंबाला कायमचं आडनाव हवं. नेपोलियनने 1808 मध्ये तेच केलं, प्रशियाने 1812 मध्ये, बव्हेरियाने 1813 मध्ये. त्या कचेऱ्यांच्या दारातल्या रांगा मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करते. शाईचा वास, ओले कोट, टेबलामागचा माणूस आणि टेबलासमोरचा माणूस. समोरचा म्हणतो, आम्हाला गावात कोपेलचे म्हणतात. टेबलामागचा लिहितो, काउफमान. दुसऱ्या गावात दुसरा म्हणतो, मी घोडे विकतो. तोही काउफमान. आणि त्याच गावात चर्चच्या वहीत कित्येक पिढ्यांपासूनचे काउफमान आहेतच. तिघांचा एकमेकांशी रक्ताचा काही संबंध नाही, धर्माचाही नाही, आणि नाव अक्षरशः एक.

पुढे हे नाव जहाजांत बसून गेलं आणि त्याची एकेक पाकळी झडत गेली. अमेरिकेत शेवटचा एक एन बऱ्याच जणांनी गाळला, उच्चार कॉफमन झाला, काहींनी लेखनही बदलून टाकलं. टेक्सासमध्ये कॉफमन नावाचा अख्खा जिल्हा आहे, डेव्हिड कॉफमन या लोकप्रतिनिधीच्या नावावरून. आपल्याकडे गावावरून आडनाव होतं, तिथे आडनावावरून गाव झालं. पिट्सबर्गच्या एडगर काउफमानचं मोठं दुकान होतं, म्हणजे नावाला जागलेला माणूस. त्याच्याचसाठी फ्रँक लॉइड राइटने धबधब्यावर ते घर बांधलं, ज्याचा फोटो वास्तुशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या भिंतीवर असतो. आणि वॉल्टर काउफमान तर किती. एकाने 1901 मध्ये ग्योटिंगनला प्रयोग करून दाखवलं की इलेक्ट्रॉनचा वेग वाढला की त्याचं वस्तुमान वाढल्यासारखं दिसतं. एक फ्रायबुर्गचा, प्रिन्स्टनला तत्त्वज्ञान शिकवणारा, नीत्शेचा भाषांतरकार. तो लहानपणी प्रोटेस्टंट म्हणून वाढला. अकरा वर्षांचा असताना ती श्रद्धा पटेना म्हणून सोडली, ज्यू धर्म स्वीकारला, आणि मग त्याला कळलं की आपले चारही आजी-आजोबा ज्यूच होते. आणखी एक 2021 मध्ये वारलेला लेखक, जन्मतः त्याचं आडनाव श्माइडलर होतं, दत्तक गेल्यावर काउफमान झालं. त्या आईवडिलांनी त्याला ज्यू मुलांना बाहेर काढणाऱ्या आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं. ते दोघं आउशवित्झच्या छावणीत मारले गेले. आडनाव त्याच्याकडे राहिलं.

त्या प्रिन्स्टनच्या माणसापाशी मी बराच वेळ अडले. ज्याचं नाव त्यालाच त्या नावाने काही सांगितलं नव्हतं. आणि मी वर्गात अर्ध्या सेकंदात सांगून मोकळी झाले.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी मी दोन आठवडे हॅम्बुर्गला होते. संध्याकाळी बंदराकडे चालत जायचे. लाल विटांची उंच गोदामं, त्यांच्या मधून कालवे, कॉफीच्या गोदामांजवळ अजून मुरलेला वास. हान्साचं शहर, काउफमानांचं शहर असंच मी मनात म्हणायचे आणि मला ते फार आवडलं होतं. एका संध्याकाळी चालता चालता लोझेपार्कमध्ये पोचले. तिथे पूर्वी हानोव्हर स्थानक होतं. आता रुळांच्या जागेवर लांबच लांब खाच ठेवली आहे आणि जुन्या फलाटाशी नावांचे फलक आहेत. तिथून आठ हजारांहून जास्त ज्यूंना आणि सिंती-रोमा जमातींच्या माणसांना गाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवलं. मी ती नावं वाचत वाचत पुढे सरकत होते. वारा फार होता, डोळ्यांत पाणी येत होतं ते वाऱ्याने की कशाने ते कळत नव्हतं. एक बाई मुलाला सायकल शिकवत होती. त्या दिवशी मला जे माहीत नव्हतं ते मला परवा रात्री कळलं. 1941 च्या सप्टेंबरात हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले, लोकांची घरं गेली, तेव्हा तिथल्या नाझी प्रमुखाने हिटलरकडे परवानगी मागितली की शहरातल्या ज्यूंना हलवू द्या, म्हणजे त्यांची घरं बेघर झालेल्यांना देता येतील. ऑक्टोबरात पहिली गाडी निघाली. त्या प्रमुखाचं नाव कार्ल काउफमान. युद्धानंतर तो हॅम्बुर्गमध्येच राहिला आणि 1969 मध्ये तिथेच वारला.

घरं रिकामी करून घेणाऱ्याचं नाव काउफमान, आणि त्या वर्षांत जर्मनीभर ज्यांची घरं रिकामी झाली त्यांच्यातही काउफमान.

नाझींची हीच अडचण होती. आडनावावरून त्यांना माणूस ओळखता येत नव्हता. म्हणून 17 ऑगस्ट 1938 रोजी त्यांनी फर्मान काढलं. ज्यूंनी मुलांना कोणती नावं ठेवायची त्याची यादी केली, आणि ज्यांचं पहिलं नाव त्या यादीत बसत नाही अशा प्रत्येक ज्यू पुरुषाला 1 जानेवारी 1939 पासून ‘इस्राएल’ आणि प्रत्येक स्त्रीला ‘सारा’ हे नाव जोडायला लावलं. ओळखपत्रावर, सहीत, दुकानाच्या कागदावर. शतकाहून जास्त आधी एका सरकारने सांगितलं होतं, आमच्यासारखं आडनाव घ्या. ते घेतलं. आता दुसरं सरकार म्हणत होतं, तुम्ही आमच्यासारखे दिसता, हे आम्हाला चालत नाही.

माझं आडनाव ‘कर’ने संपतं. एका गावावरून आलेलं, जे गाव मी एकदाच पाहिलं आहे. ‘कर’ लावणारी माणसं सगळ्या जातींत असतात, आणि त्यामुळे आडनाव सांगून प्रश्न कधी संपत नाही. लग्नानंतर भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा एका मालकीणबाईंनी चहा दिला, खोल्या दाखवल्या, गॅलरीतून दिसणारा गुलमोहर दाखवला, नाव विचारलं. नाव सांगितलं. त्या थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, “हो, पण मूळचे तुम्ही कोण?” त्या प्रश्नानंतर कपातला चहा मला गिळवेना. अशी मालकीणबाई मला एकदाच भेटली असती तर मी विसरले असते. कॉलेजात, बसमध्ये, बारशाला, मयताला, सगळीकडे हा प्रश्न मला भेटला आहे. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही तो मनातल्या मनात कितीतरी जणांना विचारला आहे. लोझेपार्कची ती खाच आणि आमचा तो चहा यांची तुलना मी करत नाही, कुणी करू नये. फक्त त्या मुलीला ‘हो’ म्हणताना माझ्या घशातून आलेला आवाज मला ओळखीचा वाटला, एवढंच.

आईच्या कचेरीत एक बाई होत्या, त्यांचंही आडनाव ‘कर’चं, रायगडकडच्या एका गावाचं. आई वर्षभर त्यांना आपल्यातल्याच समजत होती. बोलणं तेच, नऊवारीतल्या सासूबाई तशाच, डब्यात बिरड्याची उसळ. एकदा त्यांनी घरी बोलावलं आणि समोर ताट आलं, भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर केळी आणि खजूर. मलिदा. एलियाहू हानावी या प्रेषिताच्या नावाने केलेला. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू होत्या. कोकणात त्यांच्या पूर्वजांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणायचे, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणजे इथेही धंद्यावरून नाव, आणि गावावरून आडनाव. जर्मनीत ओपनहाइमचा तो ओपनहाइमर, वेर्टहाइमचा तो वेर्टहाइमर, कोकणात पेणचा तो पेणकर. पुढे त्या बाई इस्रायलला गेल्या. जाताना आईला पितळी डबा देऊन गेल्या, अजून त्यात आम्ही वेलदोडे ठेवतो. आई कधी कधी म्हणते, तिथे त्यांच्या त्या आडनावाला कोण काय समजत असेल.

आता त्या यादीबद्दल, जी मी फळ्यावर लिहिली होती. इतकी वर्षं मी ती शिकवते आणि इतकी वर्षं मी मुलांकडून ‘एन वी नोर्डपोल’ घोकून घेते. नोर्डपोल म्हणजे उत्तर ध्रुव. बहुतेक ठिकाणी माणसांची नावं, आन्टोन, बेर्टा, एमील, आणि मध्येच हा ध्रुव कशाला, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. त्या रात्री काउफमान शोधता शोधता उत्तर समोर आलं. एनसाठी तिथे नाथान होता. डेसाठी डाविड होता, एससाठी साम्युएल, झेडसाठी झखारियास, योटसाठी, म्हणजे इंग्रजी जेसाठी, याकोब. मार्च 1933 मध्ये रोस्टॉकमधल्या कुणीतरी पोस्टाला कार्ड लिहून ही ज्यू नावं आता टेलिफोनच्या यादीत शोभत नाहीत असं कळवलं, आणि 1934 च्या यादीत डाविडची डोरा झाली, साम्युएलचा झीगफ्रीड, झखारियासचा झेपेलिन, नाथानचा उत्तर ध्रुव. युद्धानंतर साम्युएल आणि झखारियास यादीत परत आले, तरी बोलणाऱ्यांच्या तोंडी झीगफ्रीडच राहिला. नाथान, डाविड आणि याकोब परत आलेच नाहीत. आणि का या अक्षरापाशी मात्र आज काउफमान बसला आहे, ज्याच्या कित्येक घराण्यांच्या पोटात याकोवच आहे, हे कुणाला दिसलं नसेल.

मी कागद घेतला आणि काउफमान हे नाव फोनवर सांगतात तसं सुटं करून लिहिलं. काउफमान, आन्टोन, उलरिश, फ्रीडरिश, मार्टा, आन्टोन, नोर्डपोल, नोर्डपोल. शेवटी दोन उत्तर ध्रुव, एकापुढे एक.

पुढच्या तासाला मी आधी मोबाइलवरून ती धून लावली. वीस-बावीस वर्षांची मुलं, त्यांच्यातल्या कितीजणांनी ती रेडिओवर ऐकली असेल कुणास ठाऊक. पण वर्ग गप्प झाला. मग मी त्या मुलीकडे बघून म्हटलं, परवा मी तुला जे सांगितलं ते चुकलं, आणि मला जे काही कळलं होतं ते सगळं सांगितलं, काउपोपासून नाथानपर्यंत. पुस्तकातला धडा त्या दिवशी झाला नाही. कुणी काही विचारलं नाही. शेवटी सरावाची दहा मिनिटं उरली तेव्हा खुर्च्या पाठीला पाठ लावल्या. आज स्वतःचं नाव नको, मी म्हटलं, ज्याला जे हवं ते नाव सांगा. वाणीने मोबाइल कानाला लावला आणि सावकाश, प्रत्येक नावावर थांबत सांगायला सुरुवात केली. का वी काउफमान. आ वी आन्टोन. उ वी उलरिश. एफ वी फ्रीडरिश. एम वी मार्टा. आ वी आन्टोन. मग तो क्षणभर थांबला. माझ्याकडे त्याची पाठ होती.

“एन वी नाथान,” तो म्हणाला. “एन वी नाथान.”

पलीकडच्या खुर्चीवर ती मुलगी होती. तिने वहीत लिहून घेतलं, आणि एक अक्षरही चुकलं नव्हतं.